सकाळी अंग धरलं की उठायचं कसं? फायब्रोमायाल्जिया असणाऱ्यांसाठी आदल्या दुपारपासून न्याहारीपर्यंतचा क्रम

फायब्रोमायाल्जिया, म्हणजे अंगभर पसरलेलं आणि महिनोन् महिने टिकणारं दुखणं. तो असणारी माणसं सकाळी दोनपैकी एक चूक करतात. काही जण गजर झाल्या झाल्या दात-ओठ खाऊन झटक्यात उठतात, केर काढतात, सडा घालतात, नारळ खवतात आणि अकराच्या सुमाराला आडवे होतात. बाकीचे ‘अंग मोकळं झालं की उठू’ म्हणून पडून राहतात, आणि जितकं पडून राहावं तितकं अंग जास्त धरत जातं.

यातून सुटायचा क्रम ठरलेला आहे. आधी ऊब, मग पडल्या पडल्या छोट्या हालचाली, मग बसणं, मग उभं राहणं, मग गरम पाणी आणि काम सगळ्यात शेवटी. बहुतेकांचं बिनसतं ते हा क्रम उलटा झाल्यामुळे. गजरापासून पहिल्या जड कामापर्यंत जवळपास दीड तास हाताशी ठेवा. पहाटेची शिफ्ट असेल तर काय करायचं, ते पुढे वेगळं दिलं आहे.

सुरुवात करण्याआधी: हे आखडणं नक्की कशाचं?

हा लेख डॉक्टरांनी निदान केलेल्यांसाठी आहे. निदान झालं नसेल तर ते आधी करून घ्या, कारण सकाळी अंग धरणं हे बऱ्याच आजारांत होतं आणि त्यांचे उपचार एकमेकांपेक्षा अगदी वेगळे आहेत.

फायब्रोमायाल्जियात दुखणं शरीराच्या अनेक भागांत पसरलेलं असतं आणि किमान तीन महिने टिकलेलं असतं. सोबत थकवा, झोपून उठल्यावरही न मिळणारा तजेला आणि डोकं जड, विचार धुक्यात असल्यासारखं वाटणं असतं. सांधे दुखतात, पण सुजत नाहीत. हा आजार सिद्ध करणारी रक्ताची एकही तपासणी नाही. डॉक्टर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर आणि सीआरपी (अंगातली सूज), टीएसएच (थायरॉइड), ड जीवनसत्त्व अशा तपासण्या लिहून देतात त्या दुसरं काही नाही ना, हे पाहायला. त्या नॉर्मल आल्या म्हणून ‘काहीच झालेलं नाही’ असा अर्थ घरच्यांनी काढू नये.

संधिवातात (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस) बोटांचे, मनगटाचे छोटे सांधे सुजतात, गरम लागतात आणि आखडलेपण बहुधा तासाच्या वर टिकतं. गुडघ्याच्या झिजेत ते अर्ध्या तासाच्या आत सुटतं आणि त्या गुडघ्यापुरतंच असतं. तरुण माणसाची कंबर पहाटे धरत असेल, दुखण्याने उत्तररात्री जाग येत असेल आणि चालल्यावर बरं वाटत असेल तर मणक्याच्या संधिवाताची तपासणी व्हायला हवी. थायरॉइड मंदावल्यावरही अंग असंच जड होतं. गोव्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते ती म्हणजे चिकुनगुन्या. तो होऊन गेल्यावर काही जणांचे सांधे महिनोन् महिने दुखत राहतात. ताप कधी आला होता, ते डॉक्टरांना आठवणीने सांगा.

> लगेच डॉक्टरांकडे जा: सांधा सुजून लाल झाला असेल, ताप येत असेल, वजन कारण नसताना उतरत असेल, हातापायात खरोखरची ताकद कमी झाली असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल. वय पन्नाशीच्या पुढे, दोन्ही खांदे आणि मांड्या एकाएकी आखडल्या, आणि सोबत कानशिलात नवीन दुखणं किंवा नजरेत अंधारी असेल, तर त्याच दिवशी इस्पितळात जा. नजर कायमची जाऊ शकते असा एक आजार असा सुरू होतो.

टप्पा १: सात दिवस फक्त नोंद करा

पहिला आठवडा काही बदलू नका. वहीच्या एका पानावर रोज सकाळी पाच गोष्टी लिहा: किती वाजता झोपलात, रात्री किती वेळा जाग आली, उठल्यापासून अंग मोकळं वाटेपर्यंत किती मिनिटं गेली, सर्वात जास्त काय धरलं होतं, आणि काल नेहमीपेक्षा जास्त काम कुठलं झालं.

तिसरा रकाना घड्याळ बघून भरा. ‘खूप वेळ’ असं लिहून उपयोग नाही. मोकळं होण्याची खूणही एकच ठरवा, म्हणजे वेणी घालता येणं, शर्टाची वरची गुंडी लावता येणं किंवा गॅसचा लायटर न थांबता दाबता येणं. रोज तीच खूण धरली तरच आकडे एकमेकांशी ताडता येतात.

आठवड्याच्या शेवटी बहुतेकांना दिसतं की वाईट सकाळ ही आदल्या दिवसाच्या कामाशी आणि रात्रीच्या झोपेशी बांधलेली असते. म्हणून पुढचे दोन टप्पे सकाळचे नाहीत.

टप्पा २: आदली दुपार आणि संध्याकाळ

दुपारची झोप. गोव्यात दुपारी बाजार बंद होतो आणि घरोघरी पडदे ओढले जातात. ही सवय मोडायची गरज नाही, ती आखूड करा. वीस ते तीस मिनिटं, गजर लावून, तीनच्या आत. दोन-दोन तास झोपलात तर रात्रीची झोप पातळ होते, आणि या आजारात मुळात खोल झोपेचीच वानवा असते.

चहा-कॉफी. शेवटचा कप दुपारी दोन-तीनच्या सुमाराला. संध्याकाळी पाहुण्यांसोबत घेतलेला ‘अर्धाच कप’ही मोजा.

दारू. झोप लागावी म्हणून रात्री घेतलेल्या पेगाने झोप लवकर लागते खरी, पण उत्तररात्री ती तुटते. या आजारात देतात त्यांपैकी प्रीगाबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन ही गोळी चालू असेल तर सोबत दारू धोक्याची आहे, गुंगी वाढते आणि पडझड होते.

गोळीची वेळ. अमिट्रिप्टिलिन या आजारात कमी मात्रेत, बहुतेकदा १० मिलिग्रॅमपासून सुरू करून रात्री देतात. ती अगदी झोपताना घेतली तर गुंगी सकाळी नऊपर्यंत रेंगाळते आणि माणसाला वाटतं की आखडणं वाढलं. झोपण्याच्या तासा-दोन तास आधी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. पुष्कळांची सकाळ एवढ्यानेच हलकी होते.

> सावधान: प्रीगाबालिन, ड्युलॉक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन यांपैकी कुठलीही गोळी बरं वाटलं म्हणून किंवा संपली म्हणून एकदम थांबवू नका. चक्कर, मळमळ, घाम, झोप उडणं असे त्रास होतात. मात्रा डॉक्टरच हळूहळू उतरवतात. पावसात गावाचा रस्ता बंद होऊ शकत असेल तर आठवडाभराचा साठा घरी ठेवा.

टप्पा ३: खोली आणि अंथरूण

हवेतल्या ओलाव्याने हा आजार वाढतो का, यावर अभ्यासांचं एकमत नाही. पण ओलं अंथरूण आणि पहाटेचा थेट वारा यांनी स्नायू आकसतात, हे कुणालाही जाणवतं. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर गादी कोरडी राहणं हेच मुळी अवघड.

कापसाची गादी पावसात ओल धरते आणि तिचे गोळे होतात. कंबरेखाली खड्डा, खांद्याखाली उंचवटा. पावसाळ्याआधी ती पिंजून घ्या आणि उघडीप मिळेल तेव्हा ऊन दाखवा. गादी फार मऊ असेल तर कूस बदलायला जोर लागतो, रात्रभर माणूस एकाच बाजूवर पडून राहतं आणि सकाळी तीच बाजू धरलेली असते. हाताने दाबल्यावर थोडी दबावी आणि हात काढताच वर यावी, इतपत घट्ट हवी.

कुशीवर झोपत असाल तर दोन गुडघ्यांमध्ये एक उशी घ्या. डोक्याखालची उशी खांदा आणि कान यांमधली पोकळी भरेल इतकी उंच असावी, त्याहून जास्त नको. हात डोक्याखाली घेऊन झोपू नका.

पंखा बंद करायला कुणी सांगत नाही, गोव्याच्या उकाड्यात ते शक्यही नाही. मानेवर थेट वारा येणार नाही अशी खाट सरकवा, खांद्यांवर पातळ सुती चादर किंवा जुनं नऊवारीचं पांघरूण ठेवा. एसी असेल तर पहाटे चारला बंद होईल असा टायमर लावा.

झोपण्याआधी हाताच्या अंतरावर मांडून ठेवायच्या वस्तू: पाण्याची झाकणाऐवजी नळी असलेली बाटली, कारण आखडलेल्या बोटांना झाकण फिरवता येत नाही, रबरी तळाच्या, मागे पट्टा असलेल्या चपला, पडल्या पडल्या लागेल असा दिवा, सैल, पुढे उघडणारे कपडे, आणि शेकायची पिशवी किंवा विजेचा पॅड. पॅड आपोआप बंद होणारा असेल तरच घ्या.

चटईवर झोपणाऱ्यांनी एक खुर्ची भिंतीला पाठ लावून अंथरुणाजवळ ठेवावी. भिंतीचा आधार विसरू नका, प्लास्टिकची खुर्ची लादीवर सरकते.

> तपासा: दिवा, पाणी, चपला, पॅड या चारही गोष्टी खांदा न उचलता हाताला लागतात का? लागत नसतील तर सकाळची पहिली हालचाल चुकीची होणार.

टप्पा ४: गजर आणि ऊब, पहिली १५ मिनिटं

उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, रविवारीही. रात्र वाईट गेली तरी सकाळ पुढे ढकलू नका. गजर प्रत्यक्ष उठायच्या पंचवीस मिनिटं आधीचा असू द्या. तो झाल्यावर उठायचं नाही, फक्त पॅडचं बटण दाबायचं.

शेक एका वेळी एकाच जागी द्या. आधी जिथे सर्वात जास्त धरलंय तिथे, बहुधा मान-खांदे किंवा कंबर. पंधरा मिनिटं पुरे, वीसच्या वर नको. ‘जास्त शेक, जास्त आराम’ असं होत नाही. त्वचा लाल होते, अंग घामाने निथळतं आणि वर पंख्याचा वारा लागून पुन्हा आखडतं.

गरम पाण्याची रबरी पिशवी वापरत असाल तर ती दोन तृतीयांश भरा, वाफ आणि हवा दाबून बाहेर काढा, मग बूच लावा, आणि टॉवेलच्या दोन घड्यांत गुंडाळा. पाणी उकळतं नको. मनगटाच्या आतल्या बाजूला पाच सेकंद धरून बघा, सहज सोसलं पाहिजे. आखडलेल्या बोटांनी स्वतः किटलीतून पाणी ओतायला जाऊ नका. घरात कुणी भरून देणारं नसेल तर पॅडच बरा.

एप्रिल-मेच्या घामट रात्रीनंतर शेक नकोसा वाटतो. तेव्हा हा भाग गाळा, पुढच्या हालचालींना पाच मिनिटं जास्त द्या आणि ऊब आंघोळीच्या पाण्यातून घ्या.

> सावधान: मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील तर पायांवर शेक नको, भाजलेलं कळत नाही. पॅडवर पाठ टेकून पुन्हा झोप लागू देऊ नका.

टप्पा ५: पडल्या पडल्या हालचाली, ८ ते १० मिनिटं

इथे घाई सर्वात महाग पडते. क्रम टोकाकडून मधल्याकडे असा आहे. बोटं आणि घोटे आधी, मान शेवटी.

१. उताणे पडा, गुडघ्यांखाली उशी. नाकाने चार अंक मोजत श्वास घ्या, सहा अंक मोजत सोडा. पाच वेळा.

२. घोटे वर-खाली दहा वेळा, मग दोन्ही बाजूंनी पाच-पाच गोल. पाय ताणून बोटं पुढे रोखू नका, पोटरीत गोळा येतो.

३. बोटं सावकाश मिटा आणि उघडा, पाच वेळा. मूठ आवळायची नाही. मग अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावा.

४. एक टाच गादीवरून घासत आपल्याकडे आणा, परत सरळ करा. प्रत्येक पायाने पाच वेळा.

५. दोन्ही गुडघे वाकवून जोडा आणि डावीकडे-उजवीकडे झुलवा. सुरुवातीला वीतभरच. पाच-पाच वेळा.

६. खांदे कानांकडे उचला, सोडा, पाच वेळा. मग पाठीची दोन्ही पाती एकमेकांकडे आणून तीन सेकंद धरा, पाच वेळा.

७. एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरा आणि दोन्ही हात डोळ्यांच्या रेषेपर्यंत उचला. पाच वेळा. डोक्यामागे नेऊ नका.

८. डोकं उशीवरच ठेवून मान उजवीकडे, डावीकडे वळवा. तीन-तीन वेळा. गोल फिरवायची नाही.

हालचाल किती करायची, याचं मोजमाप सोपं आहे. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशा मापावर सुरुवातीला तुमचं दुखणं पाच असेल तर करताना ते सातच्या वर जाता कामा नये. गेलं तर हालचाल निम्मी करा, बंद करू नका.

बहुतेक जण जाग येताच सगळं अंग ताणून मोठा आळस देतात. निरोगी माणसाला त्याने बरं वाटतं. फायब्रोमायाल्जियात मज्जासंस्था साध्या ताणाचाही अर्थ ‘दुखलं’ असा लावते, आणि एकदम दिलेल्या ताणाला स्नायू आणखी आवळून उत्तर देतात. सूर्यनमस्काराचंही तेच. योगासनं या आजारात चांगली, पण पहाटे आखडलेल्या कंबरेने पुढे वाकणं चांगलं नाही. ती संध्याकाळी करा.

> सावधान: पाठीवर लहान मुलाला उभं करून अंग तुडवून घेणं, कोपराने दाबून तेल लावणं हे या आजारात टाळाच. त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या सकाळी दुप्पट धरतं. तेल लावायचं तर हलक्या तळव्याने, लाटण्याने कणकेला जेवढा जोर देतो तेवढाही न देता.

टप्पा ६: बसणं आणि उभं राहणं

पाठीवरून सरळ उठून बसू नका. एकेक गुडघा वाकवा, खांदे आणि गुडघे एकत्र वळवून कुशीवर या. पाय खाटेबाहेर सोडा. श्वास सोडत खालचं कोपर आणि वरचा तळवा गादीवर दाबा, पायांच्या वजनानेच अंग वर येतं.

आता काठावर दोन मिनिटं बसा. हा वेळ लोक हमखास गाळतात. या आजारातल्या बऱ्याच गोळ्यांनी उभं राहताना रक्तदाब पटकन उतरतो, डोळ्यांसमोर अंधारी येते आणि त्यात न्हाणीकडे जाताना माणूस पडतं. पाण्याचे चार घोट घ्या, घोटे वीस वेळा हलवा, मग चपला घाला. पावसाळ्यात लादीला पाणी सुटतं, अनवाणी चालू नका.

उभं राहताना टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे घ्या, तळवे मांड्यांवर ठेवा, नाक पायांच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुका आणि मग वर या. खाट इतकी उंच हवी की बसल्यावर पाय जमिनीवर सपाट टेकतील आणि गुडघे काटकोनात राहतील. बुटकी असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे द्या.

चटईवरून उठताना कुशीवर, मग कोपरावर, मग हात-गुडघ्यांवर या. दोन्ही तळवे खुर्चीच्या बैठकीवर ठेवा, जास्त ताकदीचा पाय पुढे घ्या आणि वर या. कुणी काखेत हात घालून ओढू नये. खांदा दुखावतो.

उभं राहिल्यावर घरातच, ओसरीत तीन ते पाच मिनिटं चाला. हात सैल सोडा.

> तपासा: चालताना चक्कर, धडधड वाटली का? तीन दिवस सलग वाटली तर बसून आणि उभं राहून रक्तदाब मोजून घ्या आणि आकडे डॉक्टरांना दाखवा.

टप्पा ७: न्हाणी

उकिडवं बसावं लागणारं शौचकूप असेल तर त्यावर ठेवायची कमोड-खुर्ची घ्या आणि भिंतीला पकडायची दांडी बसवून घ्या. टॉवेलच्या हुकाला धरून उठू नका, तो निघून हातात येतो.

पाणी अंगाच्या उबेपेक्षा थोडं गरम, दहा मिनिटं पुरे. बसून आंघोळ करा, पण पाटावर नको. गुडघ्याएवढं उंच, रबरी पायांचं स्टूल हवं. बादलीही दुसऱ्या स्टुलावर ठेवा, म्हणजे दर तांब्याला वाकावं लागत नाही. तांब्या अर्धाच भरा. भरलेला तांब्या डोक्यावर उचलून ओतणं म्हणजे खांद्याला दिवसाचं पहिलं वजन, तेही तो सर्वात आखडलेला असताना. पाणी मानेच्या मागे आणि दोन्ही खांद्यांवर जास्त घ्या आणि त्याच वेळी खांदे गोल फिरवा. टप्पा ५ मध्ये जे जमलं नाही ते इथे जमतं.

भाणात पाणी तापत असेल तर उपसून नेण्याचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. ते शक्य नसेल तर अर्ध्या-अर्ध्या बादल्या न्या. केस धुणं सकाळी ठेवू नका, हात वर धरून राहावे लागतात. दुपारी धुवा.

> सावधान: गॅसचा गिझर बंद न्हाणीत लावू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस आतच बेशुद्ध पडतं. गिझर बाहेर हवा, निदान खिडकी सताड उघडी हवी.

अंग पुसून लगेच कोरडे कपडे घाला आणि पाच मिनिटं पंख्याखाली बसू नका.

टप्पा ८: न्याहारी आणि गोळ्या

यात फार गुंतू नका. पोदेराची पोई असो, उंडे-भाजी असो की उकड्या तांदळाची पेज, वेळेवर आणि पोटभर खा. फायब्रोमायाल्जिया बरा करणारा एकही ठराविक आहार नाही, त्यामुळे भीतीने एकेक पदार्थ सोडत बसू नका.

फार्मसीतून स्वतः आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांबद्दल मात्र ठाम सांगायला हवं. डायक्लोफेनाक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या सूज उतरवतात. फायब्रोमायाल्जियात उतरवायला सूजच नसते, म्हणून मूळ दुखण्यावर त्यांचा उपयोग होत नाही, आणि रोज घेतल्यास जठर आणि मूत्रपिंड बिघडतात. स्टेरॉइडचंही तसंच. कुणी ‘जडीबुटीची पावडर’ दिली आणि दोन दिवसांत चमत्कारासारखं बरं वाटलं तर ती पावडर घेऊन डॉक्टरांकडे जा, त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं.

टप्पा ९: कामांचा क्रम

उठल्यापासून पहिला तास वाकणं, पिळणं, उचलणं आणि हात डोक्यावर धरणं, ही चार कामं टाळा. बाकी सगळं चालतं.

नारळ आदल्या संध्याकाळी खवून फ्रिजमध्ये ठेवा. आडाळ्यावर (खवणीच्या विळीवर) उकिडवं बसून खवण्यात कंबर, गुडघे, मनगट आणि खांदा असे चारही सांधे एकदम अडकतात, सकाळी सातला हे काम करण्यासारखं नाही. केर लांब दांड्याच्या केरसुणीने, दोन खोल्या आता आणि दोन दहानंतर. सडा छोट्या तांब्याने घाला, रांगोळी बुटक्या स्टुलावर बसून किंवा छाप्याने काढा. तुळशीला पाणी आणि देवपूजा उभ्याने होते, ती आधी घ्या. कपडे पिळायची वेळ आली तर पिळूच नका, मोठं कापड नळाला गुंडाळून निथळू द्या.

काम वीस मिनिटं, बसणं पाच मिनिटं. गजर लावून. ‘एवढं संपवते आणि बसते’ हे वाक्य ज्या घरात ऐकू येतं तिथेच अकरा वाजता माणूस आडवं होतं. चांगल्या सकाळी तर हे जास्तच पाळा. बरं वाटतंय म्हणून साठलेलं सगळं एका दिवसात उरकलं की पुढच्या दोन-तीन सकाळी जातात.

वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत सातची शिफ्ट असेल तर पंचवीस मिनिटांचा आखूड क्रम असा: गजर होताच शेक आणि त्याच वेळी श्वास, घोटे, बोटं (८ मिनिटं), गुडघे झुलवणं आणि खांदे (३), कुशीवरून उठणं आणि काठावर बसणं (३), गरम पाणी (८), कपडे (३). चालणं बस थांब्यापर्यंत होतंच. न्याहारी डब्यात घ्या. काठावर बसणं मात्र कधीच गाळू नका. स्कूटर किकने सुरू करू नका, आणि पावसात निघताना मान-खांदे कोरडे राहतील असा रेनकोट घाला.

टप्पा १०: दिवसभरातली हालचाल

या आजारात ज्या उपायाबद्दल तज्ज्ञ सर्वात ठाम आहेत तो म्हणजे नियमित व्यायाम. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या २०१७ च्या शिफारशींत ‘जोरदार’ शिफारस व्यायामाचीच आहे, गोळ्यांची नाही. पण सुरुवात लाज वाटेल इतकी छोटी हवी. संध्याकाळी सपाट जमिनीवर पाच ते दहा मिनिटं चाला. दोन आठवडे जमलं की दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवा.

किनाऱ्यावर चालणाऱ्यांनी कोरड्या भुसभुशीत वाळूत चालू नये, पोटऱ्या आणि घोटे ओढले जातात. ओहोटीच्या वेळची ओली घट्ट वाळू चांगली, पण किनारा समुद्राकडे उतरता असतो. एकाच दिशेने चालत राहिलात तर एक कंबर सतत खाली राहते, म्हणून जितकं जाल तितकंच परत या. मिरामारसारख्या ठिकाणी फरसबंद वाट असते, ती सर्वात सोयीची. कोमट पाण्यातला व्यायाम उत्तम, पण समुद्राच्या लाटा त्याची जागा घेत नाहीत, आणि पावसाळ्यात तर समुद्रात उतरायचंच नाही.

चवथ (गणेशचतुर्थी) आणि इतर मोठे दिवस

वर्षातल्या सर्वात वाईट सकाळी बहुतेकांना चवथीनंतरच येतात. मूळ घरी प्रवास, जमिनीवर झोप, रात्री उशिरापर्यंत आरत्या, पहाटे स्वयंपाक, आणि माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-फुलांची चौकट) बांधताना तासभर हात डोक्यावर. यातली माटोळी बांधणं आणि नारळांची पोती उचलणं ही दोन कामं आधीच दुसऱ्याच्या नावावर करा. तुम्ही बसून निवडायची, सोलायची, नेवऱ्या भरायची कामं घ्या. स्वतःची उशी आणि पॅड सोबत न्या. सुनेने किंवा सासूबाईंनी ‘सकाळी सातपर्यंत मला हाक मारू नका’ हे घरात आदल्या दिवशी सांगून टाकावं. त्या क्षणी सांगितलं तर ते कुरकुर वाटतं.

दुखणं उसळलंच तर दिवसभर अंथरूण धरू नका. टप्पा ४ ते ७ तसेच ठेवा, हालचालींचे आकडे निम्मे करा, कामं निम्मी करा, चालणं पाच मिनिटांवर आणा. दोन-तीन दिवसांत एकेक वाढवा.

चार आठवड्यांनी काय बघायचं

पहिल्या आठवड्याचं पान आणि चौथ्या आठवड्याचं पान शेजारी ठेवा. फक्त मिनिटांचा रकाना वाचा. नव्वदची सत्तर झाली असतील तर क्रम तुम्हाला लागू पडतोय, तो तसाच चालू ठेवा आणि आणखी काही जोडू नका. फरक नसेल तर आधी झोपेचा रकाना पाहा. तीनहून जास्त वेळा जाग येत असेल, घरचे घोरण्याबद्दल, श्वास अडकण्याबद्दल सांगत असतील किंवा रात्री पाय शिवशिवून हलवावेसे वाटत असतील, तर झोपेचा वेगळा आजार सोबत असू शकतो. तो सुटल्याशिवाय सकाळ सुधारत नाही.

ती दोन्ही पानं घेऊन तालुक्याच्या इस्पितळात, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. ओपीडीत बोलायला पाच-सात मिनिटं मिळतात, त्यामुळे वरच्या कोपऱ्यात आधीच तीन ओळी लिहून ठेवा: आखडणं किती मिनिटं, जाग किती वेळा, चालू गोळ्या आणि त्या घेण्याची नेमकी वेळ. तिसरी ओळ लिहायची बहुतेक जण विसरतात, आणि डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.